चुन्याच्या रानातली ग्रामसभा

भाऊसाहेबांना "काय, बरंय ना?" असं विचारायची सोय नव्हती. आपण आपलं बोलायचं म्हणून बोलतो, समोरच्यानं "बरंय" म्हणायचं आणि पुढं चालू लागायचं. हा माणूस थांबायचा, खरोखर विचार करायचा आणि म्हणायचा, "न्हाय. परवापासनं डावा गुडघा धरलाय. आन् आज सकाळी पोट बी साफ झालं न्हाय." मग विचारणाऱ्याला दहा मिनिटं गुडघा ऐकावा लागायचा. गावातली माणसं हुशार. ती लांबूनच हात वर करायची आणि सटकायची.

ते आमच्या गावचे ग्रामसेवक. आमच्याकडं ग्रामसेवकाला सगळे भाऊसाहेबच म्हणतात, मग तो कसा का असेना. गाव कळंब तालुक्यातलं, येरमाळ्यापासून सात किलोमीटर आत. मी तिथल्या ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसते. तेव्हाही कंत्राटी होते, आजही कंत्राटी आहे, आणि बहुतेक कंत्राटीच म्हातारी होईन. जाऊ द्या, माझं काय सांगायचंय.

ते रोज येडशीहून एसटीनं यायचे. मांडीवर कापडी पिशवी, जुन्या छत्रीच्या कापडाची, बायकोनं शिवलेली. पिशवीत ग्रामसभेचं प्रोसिडिंग बुक. सभेत काय ठरलं ते ज्यात लिहितात ते जाडजूड रजिस्टर. बाकीच्या गावांत ते कपाटात असतं, नाहीतर सरपंचाच्या घरी. आमचं रोज एसटीनं प्रवास करायचं. मी एकदा म्हणाले, "भाऊसाहेब, एवढं वझं कशाला वाहता? कपाटाला कुलूप आहे की." तर म्हणाले, "कुलपाला किल्ली हाय ना? मग झालं."

त्या बुकाचं त्यांचं एक तंत्र होतं. आता हे तंत्र कळायला आधी दुसऱ्यांचं तंत्र कळायला पाहिजे. ग्रामसभा झाली की ठराव लिहायचा आणि खाली चार-पाच ओळी कोऱ्या सोडायच्या. वर हसून म्हणायचं, राहू दे, लागतात. लागतातच. महिन्यानं कुणाचं काम निघतं, मग त्या कोऱ्या जागेत बारीक अक्षरात एक ठराव बसतो, जो सभेत कुणी ऐकलेला नसतो. भाऊसाहेब एक ओळसुद्धा मोकळी सोडायचे नाहीत. उरलेल्या जागेवर लाल पेनानं तिरप्या रेघा. टेबलावर व्हाइटनरची बाटली दिसली की उचलून खिडकीबाहेर. माझ्या चार बाटल्या गेल्या.

त्यावर कडी म्हणजे, प्रत्येक नवा ठराव ते मागच्या ठरावाच्या शेवटच्या वाक्यानं सुरू करायचे. म्हणजे मधलं पान कुणी काढलं की दोन्हीकडं तुटलेलं दिसणार. पण वाचायला इतकं विचित्र, काय सांगू. "पाण्याच्या टाकीला कुलूप बसवण्यात यावे. त्यानंतर सभेने गावातील दिवंगतांना श्रद्धांजली वाहिली." असलं. तपासणीला आलेले साहेब लोक हसून बेजार व्हायचे. हे शांत. "हसा, पण पान फाडून दाखवा," म्हणायचे.

आणि ठरावाच्या चार नकला. एक गिरणीवाल्याकडं, एक कटिंगच्या दुकानात, एक गुरवाकडं, एक अंगणवाडीच्या ताईंकडं. मागं एका सरपंचानं गायरानाच्या ठरावाचं पान गायब केलं होतं म्हणे. माझ्या आधीची गोष्ट. भाऊसाहेबांनी त्या चौघांना देवळाच्या पारावर बोलावलं आणि आपापली नक्कल मोठ्यानं वाचायला लावली. गिरणीवाल्याच्या कागदावरून पीठ गळत होतं, पण मजकूर चौघांचा एकच. सरपंच चहा सांगायला गेला तो परत आलाच नाही. सहा महिन्यांत भाऊसाहेबांची बदली झाली. मग कुठं कुठं फिरून ते पुन्हा आमच्याच गावात आले, कारण बाकीच्या गावांनी त्यांना नको म्हणून अर्ज दिले होते.

घरी तरी वेगळे असतील असं मला वाटायचं. मग एकदा येडशीला त्यांच्या घरी गेले, तेव्हा काकूंनी सांगितलं. थोरल्या मुलीला बघायला पाहुणे आले होते. मुलगी पसंत, चहा-पोहे झाले, सुपारी फोडायची तेवढी राहिली. पाहुण्यानं उगंच बोलायचं म्हणून म्हटलं, "पोरगी हुशार दिसती." हे म्हणाले, "बारावीला एकदा नापास झालीया, इंग्रजीत." पाहुणे उठले. काकू म्हणाल्या, "तवापासनं पाव्हणं आले की ह्यान्ला रानात धाडते आन् मीच म्होरं बसते." काकू हसत होत्या. मुलगी स्वयंपाकघरात होती, ती हसली नाही.

मग आमच्या नशिबात ब्लॉकचेन आलं.

धाराशिवला ट्रेनिंग होतं. मोठा हॉल, एसी, प्रत्येकाला एक फाईल आणि एक पेन. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचा मुलगा पडद्यावर चौकोन दाखवत होता. एका चौकोनाला दुसरा जोडलेला, दुसऱ्याला तिसरा. प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीचा ठसा. एकच नोंद शंभर कॉम्प्युटरवर. एकानं बदलली की बाकीचे बोंब मारणार. गावचा ठराव एकदा चढला की कलेक्टर आला तरी बदलता येणार नाही, आणि कुणालाही मोबाईलवर वाचता येणार. सगळे ग्रामसेवक माना डोलवत जेवणाची वाट बघत होते. माझ्या शेजारी भाऊसाहेब मात्र पुढं सरकून बसले होते. मी त्यांना इतकं खूश कधी बघितलं नव्हतं. म्हणाले, "पोरी, हे तर आपलंच हाय की गं!"

मग ते उभे राहिले. मी मनात म्हटलं, झालं, आता ह्यांचा गुडघा.

"साहेब, मागनं कुनी बदललं तर कळंल, हे लई चांगलं हाय," ते म्हणाले. "पन पयल्यांदाच खोटं लिव्हलं तर?"

तो मुलगा म्हणाला, "सर, ते आमच्या स्कोपमध्ये येत नाही."

हॉलमध्ये हशा झाला. भाऊसाहेब खाली बसले. परतीच्या एसटीतून येडशीला उतरताना एवढंच म्हणाले, "स्कोप म्हंजी काय गं?" मी म्हणाले, "हद्द." त्यांनी मान हलवली आणि उतरले.

आमचं गाव त्या योजनेत पहिल्या यादीत निवडलं गेलं. गावात सगळे त्याला साखळी म्हणायला लागले. "चढला का ठराव साखळीवर?" असं. माझा मोबाईल त्याला जोडलेला. सभेचा फोटो काढायचा, सह्यांच्या पानाचा फोटो काढायचा, भाऊसाहेबांचा अंगठा घ्यायचा आणि पाठवायचं. कुठून पाठवलं ते साखळी आपोआप लिहून घ्यायची. खरं सांगते, मला त्याचं कौतुक काही नव्हतं. आधी एक रजिस्टर होतं, आता रजिस्टर आणि मोबाईल. काम दुप्पट, मानधन तेच.

त्या वर्षी एकट्या बाईसाठी म्हणून गावाला एक घरकुल आलं. एकच. ते कुणाला द्यायचं ते ग्रामसभेनं ठरवायचं, आणि गावात कुणालाही विचारलं असतं तर शालनबाई असंच उत्तर आलं असतं. नवऱ्यानं टाकलेली, ओढ्याच्या कडेला चार पत्र्यांत राहायची, लोकांच्या रानात खुरपायला जायची. पाऊस लागला की ओढा घरात यायचा आणि ती गाठोडं घेऊन शाळेच्या व्हरांड्यात. उपसरपंचाला मात्र त्याच्या चुलतीचं नाव घालायचं होतं. चुलतीला दोन खोल्या होत्या, पण कागदावर ती एकटी होती.

वरून पत्र आलं. अमुक तारखेची ग्रामसभा, त्याच दिवशी संध्याकाळी सहाच्या आत ठराव साखळीवर. नाहीतर घर दुसऱ्या गावाला. तारीख बघितली आणि मी कपाळावर हात मारला. येरमाळ्याच्या येडेश्वरीची चैती जत्रा, आणि नेमका चुना वेचायचा दिवस. आमच्या भागातलं माणूस त्या दिवशी घरात राहत नाही. सगळ्यांनी आईच्या रानात जायचं, चुनखडीचे खडे वेचायचे, एका जागी ढीग घालायचा, त्याच चुन्यानं पुढं देवळाला रंग. पत्र काढणाऱ्याला हे कुठलं माहीत असायला. भाऊसाहेबांनी वर तीनदा फोन केला. "तारीख सिस्टीमनं टाकलीय," असं उत्तर आलं.

त्या दिवशी सकाळी अकराला चावडीवर आम्ही दोघं, कोतवाल आणि एक कुत्रं. सभेला शंभर माणसं लागतात. नसली तर सभा तहकूब. तहकुबीनंतरच्या सभेला आकड्याची अट नसते, पण तिला पुढची तारीख. म्हणजे घर गेलं.

मी म्हणाले, "भाऊसाहेब, सगळे करतात ते करू. सव्वीस जानेवारीचा फोटो आहे माझ्याकडं, चांगली गर्दी आहे. सह्यांच्या पानाचाही जुनाच फोटो लावू, खऱ्या सह्या उद्या घरोघरी फिरून घेते. शालनबाईचंच नाव टाकायचंय ना? खोटं काय त्यात?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी मोबाईल पर्समध्येच टाकला. शेजारच्या गावचे ग्रामसेवक त्याच वेळी नेमकं हेच करत होते, हे मला नंतर कळलं.

दुपारपर्यंत ते चावडीच्या पायरीवर बसून राहिले. मग एकदम उठले. "गाव जिथं हाय तिथं सभा. चल." कोतवालाच्या मोटारसायकलवर आम्ही तिघं, मांडीवर पिशवी, येरमाळ्याला.

गर्दी विचारू नका. उन्हाचा कहर, धुरळा, "आई राजा उदो उदो", ट्रॅक्टर, बैलगाड्या, उसाचा रस. पण आमच्या गावाची बसायची जागा ठरलेली असते, एका आंब्याखाली, पिढ्यान् पिढ्या तीच. सगळं गाव तिथं. भाऊसाहेब ट्रॉलीवर चढले आणि ओरडले, "गावकऱ्यांनो, ग्रामसभा हाय, बसा!" आधी लोक हसले. मग बायका बसल्या, मग पुरुष. खेळ नाही, शंभराच्या वर माणसं खडे हातात घेऊन बसली. नेहमीच्या सभेला पंधरा येतात, तेही चहा असला तर.

भाऊसाहेबांनी विचारलं, घर कुणाला. शालनबाईचं नाव चारी बाजूंनी आलं. उपसरपंच उभा राहिला. हातात चुन्याचा खडा. चुलतीचं नाव त्याच्या तोंडापर्यंत आलेलं मला दिसलं. त्यानं खड्याकडं बघितलं, देवीच्या पालखीकडं बघितलं आणि म्हणाला, "शालनबाईलाच द्या." मी नऊ वर्षं ग्रामसभा बघतेय. खरी ग्रामसभा म्हणावी अशी मी ती एकच बघितली.

ठराव तीनदा वाचला. ते नेहमी तीनदाच वाचायचे. सह्या झाल्या, अंगठे झाले, सगळ्यांची बोटं चुन्यानं पांढरी. शालनबाई मागं बसली होती, पदरात खडे. तिनं पदर डोळ्यांना लावला आणि सगळे खडे खाली सांडले.

चार वाजले होते. मी फोटो काढले आणि म्हणाले, "आता पटकन गावात जाऊ आणि चावडीतून पाठवू. इथून पाठवलं तर जागा येरमाळ्याची येईल. सभा गावच्या हद्दीतच लागते, भाऊसाहेब."

"जिथं झाली तिथनंच पाठवायची."

"अहो, दोन तास आहेत हातात! अर्ध्या तासात पोचतो."

"सभा इथं झाली, पोरी. चावडीत झाली असं सांगायचं?"

मी हात टेकले. बटण मी दाबलं. हे मला कुणी विचारत नाही, पण मी सांगते. बटण माझ्या बोटानं दाबलं.

तीन आठवड्यांनी नोंदीवर लाल खूण आली आणि चौकशीला एक साहेब आले. माणूस वाईट नव्हता. दमलेला होता, त्या दिवशीचं त्यांचं ते चौथं गाव. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पांढऱ्या बोटांच्या सह्या बघितल्या. मग पेन खाली ठेवून म्हणाले, "भाऊसाहेब, मला सगळं कळतंय. तुम्ही एवढंच म्हणा की मोबाईलचं लोकेशन चुकलं. रेंजचा प्रॉब्लेम. एक वाक्य. मी लिहून घेतो, लाल खूण काढतो, बाईला घर मिळतं."

शालनबाई दारात उकिडवी बसली होती. तिला कुणी आत बोलावलं नव्हतं.

भाऊसाहेबांनी बुक मिटून पिशवीत ठेवलं. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "ताई, मोबाईल तुमचा ना? तुम्ही सांगा." माझ्या तोंडात वाक्य तयार होतं हो. तयार होतं! मी भाऊसाहेबांकडं बघितलं आणि ते तिथंच गिळलं.

"लोकेशन बरोबर हाय," भाऊसाहेब म्हणाले.

साहेबांनी डोळे मिटले. मग पेन उचललं.

घर शेजारच्या गावाला गेलं. त्यांची नोंद हिरवीगार. मी पोर्टलवर त्यांचा फोटो उघडून बघितला. चैताच्या उन्हात भरलेल्या सभेत निम्मी माणसं स्वेटर घालून, दोघांच्या डोक्याला कानटोप्या, एक म्हातारा घोंगडी पांघरून. साखळीला त्यात काही वावगं दिसलं नाही. जागा बरोबर होती, तारीख बरोबर होती, ठसा बरोबर होता. आता तो फोटो शंभर कॉम्प्युटरवर आहे आणि कलेक्टर आला तरी हलणार नाही.

मी भाऊसाहेबांशी महिनाभर कामापुरतंच बोलले. मला त्यांचा राग आला होता. अजूनही आहे, खोटं कशाला सांगू. आणि माझाही आहे.

पंधरा ऑगस्टला आधीची तहकूब ग्रामसभा भरली, तिला पंधराच माणसं होती. झेंडा झाला, लाडू वाटले, विषय संपत आले. तेवढ्यात शालनबाई उभी राहिली. सभेत बाई उभी राहिली की आमच्याकडं माणसं आधी हसतात. तिच्या वेळी कुणी हसलं नाही.

"माझं बी लिव्हून घ्या," ती म्हणाली. "लिव्हा म्या सांगते तसं. भाऊसाहेब खरं बोलले. लई चांगलं केलं. पन खरं बोलायला त्यान्चं काय गेलं? घर माझं गेलं." मग तिचा आवाज चढला. "म्या तितंच बसले व्हते दारात. मला इचारायचं तरी! म्या म्हनले असते, भाऊसाहेब, माझ्यासाठनं एकडाव खोटं बोला. मला कुनी इचारलंच न्हाय."

आणि बसली. उपसरपंच घाईघाईनं म्हणाला, "ऱ्हाऊ द्या भाऊसाहेब, बाईमाणूस हाय, जिवाला लागलंय. हे काय लिव्हायचं असतं व्हय."

"सभेत बोललं ते लिव्हायचं," भाऊसाहेब म्हणाले.

त्यांनी लिहिलं. तिच्याच शब्दांत, तिच्याच बोलीत. मग उभे राहून तीनदा वाचलं. पहिल्यांदा नीट वाचलं. दुसऱ्यांदा "घर माझं गेलं" पाशी अडखळले. तिसऱ्यांदा त्यांना वाचता येईना, तरी वाचलं, एकेक शब्द थांबून थांबून. बुक माझ्यापुढं सरकवून म्हणाले, "चढव."

"भाऊसाहेब, हे कधीच निघणार नाही," मी हळूच म्हणाले. "तुमच्या नावावर राहील. पोरंबाळं वाचतील."

"अंगठा घे," ते म्हणाले.

त्या वर्षअखेर ते रिटायर झाले. निरोपाला हार, नारळ, टॉवेल-टोपी. भाषणात सगळ्यांनी प्रामाणिक, प्रामाणिक असं दहादा म्हटलं. ते खाली मान घालून बसले होते. शालनबाई त्याआधीच लातूरला बहिणीकडं गेली होती, डाळ मिलमध्ये निवडायला. ओढ्याकाठचे पत्रे कुणीतरी नेले. नंतर ब्लॉकचेनही बंद पडल्यासारखंच झालं. कंपनीचा करार संपला, नवी योजना आली, तिचं नवं ट्रेनिंग झालं. जुन्या नोंदी पोर्टलवर आहेत, वाचायला. कोण वाचतंय!

प्रत्येक नोंदीखाली ती किती वेळा उघडली गेली त्याचा आकडा असतो. आमच्या गावच्या नोंदींखाली एक, दोन, फार तर तीन. त्यातली एक मीच. मध्ये एकदा काही शोधताना मी पंधरा ऑगस्टची ती नोंद उघडली. खाली चारशेच्या वर आकडा होता. मला वाटलं, काहीतरी बिघडलंय. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितलं. माझी वेळ धरून दोननं वाढलेला. तिसऱ्या दिवशीही तेच.

मी येडशीला फोन लावला. काकूंनी त्यांना दिला. या खेपेला मी बरंय ना असं विचारलं नाही.

"भाऊसाहेब, ती नोंद रोज तुम्ही उघडता का हो?"

"व्हय," ते म्हणाले. "नातीनं मोबाईलवर लावून दिलंय. सकाळी च्या झाला की बघतो."

"कशाला हो? पाठ झालं असंल आता."

ते म्हणाले, "तिला त्या दिशी इचारलं न्हाय, पोरी. आता रोज ऐकून घेतो."